कमरेवरून कपाटात : जपानी हस्तिदंती नेत्सुके आणि संग्राहकाची नजर



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की सरांनी फार लांबची सोयरीक जुळवली. खर्डी कुठे, जपान कुठे, आणि हस्तिदंत तर आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतलाय कोण जाणे. पण तत्त्वज्ञानात एक सोय असते. वस्तू कितीही छोटी असली, तरी तिला नीट प्रश्न विचारले की ती मोठ्या गोष्टी बोलायला लागते. आज आपण ज्या वस्तूला प्रश्न विचारणार आहोत, ती मुठीत मावते. बोराहून मोठी, लिंबाहून जराशी लहान-मोठी, एवढीच.

तिचं नाव नेत्सुके. आधी ती काय आहे ते सांगतो, कारण वस्तू काय आहे हे न कळताच तिच्या सौंदर्यावर बोलायची आपल्याकडे जुनी खोड आहे.

जपानी किमोनोला खिसा नसतो. मग माणसानं तंबाखू कुठे ठेवायची, औषधाच्या गोळ्या कुठे, शिक्का कुठे? आपल्याकडे याला उत्तर होतं. धोतराची कनवट होती, कमरेला चंची होती, बटवा होता. चंची उलगडली की एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, वर चुन्याची डबी. जपानी माणसानं हेच केलं, फक्त वेगळ्या रीतीनं. त्यानं आपली थैली किंवा ‘इन्रो’ नावाची औषधाची डबी एका दोरीला बांधली. दोरी कमरेच्या रुंद पट्ट्याखालून, म्हणजे ‘ओबी’खालून वर ओढली आणि वरच्या टोकाला एक गोटा बांधला, दोरी निसटून खाली पडू नये म्हणून. तो गोटा म्हणजे नेत्सुके. त्याला दोन भोकं असतात, दोरी ओवायला. त्यांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. मधे एक मणी असतो, तो सरकवला की थैलीचं तोंड बंद. झालं. एवढंच यंत्र.

आता या यंत्राच्या अटी बघा. गोटा फार मोठा नको, नाहीतर टोचेल. फार लहान नको, नाहीतर निसटेल. टोकदार अवयव नकोत, कारण किमोनोची बाही त्यात अडकून फाटेल. सगळ्या बाजूंनी बघता आला पाहिजे, कारण तो कमरेवर फिरतो. बुडालासुद्धा कोरीवकाम पाहिजे. आणि सतत हात लागणार, म्हणून हाताला बरा वाटला पाहिजे.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांत, या अटींमधून एक अफाट कला उभी राहिली. पाय पोटाशी घेऊन बसलेला बैल, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेला उंदीर, स्वतःला गुंडाळून घेणारा साप, झोपेत पेंगणारा भिक्षू. हे सगळे आकसून का बसलेत? कलावंताला आकसलेली माणसं आवडत होती म्हणून नव्हे. बाही फाटू नये म्हणून! (हशा) हसू नका, हा सौंदर्यशास्त्राचा गंभीर मुद्दा आहे. कांटनं सौंदर्याचे दोन प्रकार केले, मुक्त सौंदर्य आणि अवलंबित सौंदर्य. फूल मुक्त, घोडा किंवा इमारत अवलंबित, कारण ती कशासाठी आहे हे मनात ठेवूनच आपण तिला सुंदर म्हणतो. पुष्कळांना वाटतं, अवलंबित म्हणजे दुय्यम. नेत्सुके हातात घेतला की हे ‘दुय्यम’ प्रकरण टिकत नाही. इथे उपयोगाची अट हीच कल्पनाशक्तीची आई झालेली आहे.

हे नेत्सुके लाकडाचे असत, हरणाच्या शिंगाचे, रानडुकराच्या सुळ्याचे, आणि हस्तिदंताचे. जपानमध्ये हत्ती नाहीत. हस्तिदंत बाहेरून, मुख्यतः नागासाकीच्या बंदरातून, चिनी आणि डच व्यापाऱ्यांमार्फत येई. म्हणजे पहिल्यापासूनच हा दात समुद्र ओलांडून आलेला, ज्याचा मूळ मालक कोरणाऱ्यानं कधी पाहिलेला नाही असा. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

आणि हे काही जपानचंच नाही. आपल्या मराठवाड्यातलं तेर घ्या. सातवाहन काळातलं मोठं व्यापारी गाव. तिथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. तिची अगदी जवळची बहीण कुठे सापडली? इटलीत, पॉम्पेईमध्ये, १९३८ साली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचली होती. भोकरदनच्या उत्खननातही याच घराण्यातला तुकडा मिळाला. तेव्हा परदेशी शौकिनाच्या घरी जाणारी हस्तिदंती बाहुली हा धंदा आपल्या दख्खनला दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होता. बोट दाखवायचं तर आधी स्वतःकडे.

आता जपानकडे परत. १८६८ मध्ये मेइजी राजवट आली. सरकारी नोकर कोट-पॅन्ट घालायला लागले. कोटाला खिसे होते. चिलीम जाऊन सिगरेट आली. आणि अडीचशे वर्षांची कला एका खिशानं संपवली. नेत्सुके कमरेवरून उतरला. त्याच वेळी युरोप-अमेरिकेतून लोक जपान बघायला येत होते, आणि ते हे गोटे मूठ-मूठ भरून विकत घेत होते.

कारागिरांचं काय? पोट तर भरायला हवं. ते वळले ‘ओकिमोनो’कडे. ओकिमोनो म्हणजे ठेवायची वस्तू, शोभेची मूर्ती. भोकं नाहीत, दोरी नाही, कमर नाही. १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनापासून जपानी सरकारनं अशा निर्यातीच्या कलाकामाला जोर लावला. हस्तिदंताचा कोळी, जाळं सावरतोय, प्रत्येक गाठ मोजून घ्यावी. शेतकरी, पाठीवर पोर, टोपलीत कोंबडी, कोंबडीचं प्रत्येक पीस. आज संग्राहकांसाठीच्या बाजारात ‘जुन्या जपानी हस्तिदंती मूर्ती’ म्हणून जे येतं, त्यात हे फार असतं.

इथे मी माझं मत स्पष्ट मांडतो. बहुसंख्य ओकिमोनो मला नेत्सुकेपेक्षा हलके वाटतात. कारण असं. नेत्सुकेला ‘हे नको’ असं सांगणारी एक बाही होती. ओकिमोनोला नाही म्हणणारं कुणी नव्हतं. उलट ‘आणखी, आणखी’ म्हणणारं गिऱ्हाईक होतं. म्हणून तिथे कौशल्य सुटलं. बघणाऱ्यानं ‘बापरे, किती बारीक!’ म्हणावं, हा एकच हेतू उरला. ‘किती बारीक’ हा उद्गार मेहनतीला दिलेली दाद आहे. सौंदर्याचा अनुभव तिथून पुढे सुरू व्हावा लागतो, आणि बऱ्याचदा तो होत नाही. अपवाद आहेत. असाही ग्योकुझान यानं कोरलेल्या मानवी कवट्या आहेत. त्यांच्यात बारकावा आहे, पण तो मृत्यूकडे बघायला लावतो, कारागिराकडे नाही. इशिकावा कोमेईसारखा हस्तिदंत कोरणारा पुढे टोकियोच्या कलाशाळेत शिकवू लागला. त्याच काळात ताकामुरा कोउन या लाकूड कोरणाऱ्यानं मात्र हस्तिदंताची चलती असताना लाकूड सोडलं नाही. गिऱ्हाईक एका बाजूला आणि हात एका बाजूला, अशी ओढाताण त्या पिढीत होती.

हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. शेजारच्या डहाणू-तलासरीकडे बघा. वारली चित्र मुळात भिंतीवरचं. लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या, आणि काम झालं की तो पुसट होऊन जायचा. १९७० च्या दशकात ते कागदावर आलं, बाजारात आलं. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या माणसानं त्यातून स्वतःची थोर दृष्टी उभी केली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि त्याच बाजारातून चहाच्या कपावर, चादरीवर, उशीच्या खोळीवर तोच तारपा-नाच हजार वेळा छापलाही गेला. वस्तू तिच्या जागेवरून सुटली की दोन्ही होतं. मशे होतात आणि उशीची खोळही होते. फरक ओळखणं हे समीक्षेचं काम.

आता ही जपानी रत्नं आपल्याला बघायची तर कुठे? खर्डीहून लोकल धरा, सीएसएमटीला उतरा, पंधरा-वीस मिनिटं चाला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे जपानी कलावस्तूंचा जो विभाग आहे, तो मुख्यतः टाटा बंधूंमुळे. सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ ते १९१८. यांच्याच पैशातून पाटलीपुत्राचं उत्खनन झालं. त्यांचा संग्रह १९२१ मध्ये संग्रहालयाकडे आला, आणि थोरले बंधू सर दोराबजींचा १९३३ मध्ये. आणि टाटांच्या घरात जपान का? त्यामागे कापूस आहे. जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले होते, आणि जपानच्या निप्पोन युसेन कंपनीशी करार करून त्यांनी मुंबई-जपान जहाजं सुरू केली. जाताना सूत-कापूस. ज्या वाटेनं व्यापार गेला, त्याच वाटेनं कलेची आवडही मुंबईत आली.

मला इथे एक फरक दाखवायचाय. टाटांनी वस्तू गोळा केल्या आणि शेवटी त्या लोकांच्या झाल्या. तिकीट काढून कुणीही बघू शकतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या अशा घरगुती वस्तू जमवल्या, दिवंगत मुलाच्या नावानं संग्रहालय केलं आणि सगळं महाराष्ट्राला देऊन टाकलं. म्हणून संग्राहक म्हटला की तो लोभी, असं समीकरण मी मांडणार नाही. माझी तक्रार दुसरीकडे आहे. ती आहे विक्रीच्या भाषेशी.

संग्राहकांसाठी जे कॅटलॉग निघतात, लिलावाचे किंवा दुकानाचे, त्यांची भाषा एकदा समीक्षकाच्या नजरेनं वाचा. साधारण नमुना असा असतो : मेइजी काळ, हस्तिदंत, सुरेख कोरीव, सही असलेला, छान पॅटिना, एका जुन्या युरोपीय संग्रहातून. सहा तुकडे. एकेक घेऊ.

‘मेइजी काळ’. कशावरून? हस्तिदंताचं वय डोळ्यांनी सांगता येत नाही. १९५० नंतरच्या अणुस्फोट-चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सर्गी कार्बन वाढला, त्यामुळे दात त्यानंतर वाढलेला आहे का, हे प्रयोगशाळेत कळू शकतं. पण त्यानं दाताचं वय कळतं, कोरण्याचं नाही. जुना दात काल कोरला असेल, तर प्रयोगशाळा त्याला जुनाच म्हणणार.

‘सही असलेला’. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू यांनी १७८१ मध्ये ‘सोकेन किशो’ नावाचा ग्रंथ काढला. त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे, म्हणून अभ्यासक त्याला आद्य ग्रंथ मानतात. त्यात क्योटोच्या तोमोतादाचं नाव आहे. त्याचे बसलेले बैल प्रसिद्ध. आणि तिथेच हेही नोंदवलंय की त्याच्या बैलांच्या नकला फार होतात. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ खोटी सही ही खऱ्या सहीची सावली म्हणून चालत आलीय. आणि त्याच ग्रंथातला योशिमुरा शूझान हा थोर कारागीर सही करतच नसे! ज्याची सही नाही तो थोर, ज्याची सही आहे त्याबद्दल शंका. मग सही नेमकं काय सिद्ध करते? बहुतेक वेळा, सहीमुळे किंमत वाढते, एवढंच.

‘छान पॅटिना’. हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅटिना म्हणजे वापरातून आलेली झळाळी. दोरीनं भोकाची कड झिजलेली, बाहीच्या घासण्यानं पाठ गुळगुळीत, हाताच्या घामानं रंग मधासारखा झालेला. आपल्या घरी जुन्या पाट्या-वरवंट्याचा किंवा कोयत्याच्या मुठीचा स्पर्श आठवा. तीच गोष्ट. आता गंमत बघा. संग्राहक पैसे मोजतो ते दुसऱ्या कुणाच्या वापराच्या खुणांचे. आणि वस्तू हाती आल्यावर पहिलं काम काय करतो? ती काचेच्या कपाटात ठेवतो, म्हणजे आता तिला कुणाचा हात लागणार नाही. ज्या गोष्टीसाठी ती आवडली, तीच गोष्ट तो थांबवतो. आणि बाजार हुशार, तो चहाच्या पाण्यात बुडवून पॅटिना तयार करून देतो. न जगलेलं आयुष्य विकत मिळतं.

‘एका जुन्या संग्रहातून’. हे वाक्य इतिहास सांगितल्याचा आव आणतं आणि इतिहास लपवतं. कुणाचा संग्रह? कसा मिळाला? एडमंड डी वाल या इंग्लिश कुंभार-लेखकाचं २०१० चं पुस्तक पुष्कळांना माहीत असेल, ‘द हेअर विथ अँबर आइज’. त्यांच्या कुटुंबातले २६४ नेत्सुके एका पूर्वजानं १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये घेतले. १८९९ मध्ये लग्नाची भेट म्हणून ते व्हिएन्नाला गेले. १९३८ मध्ये नाझींनी त्या ज्यू कुटुंबाचा वाडा लुटला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, अ‍ॅना नावाच्या मोलकरणीनं हे गोटे थोडेथोडे उचलून आपल्या गादीत लपवले आणि युद्धानंतर परत दिले. लेखकाला तिचं आडनावही सापडलं नाही. सगळ्या जगाला नेत्सुकेचा वंशवृक्ष माहीत, वाचवणारीचं आडनाव मात्र नाही. ‘एका जुन्या संग्रहातून’ या तीन शब्दांत किती माणसं गडप होऊ शकतात, ते यावरून कळावं.

आणि आता राहिलेला शब्द, ‘हस्तिदंत’. कॅटलॉगमध्ये तो लाकूड, तांबं, चिनीमाती यांच्याच पंगतीत बसतो. एक माध्यम. इंग्रजीत ‘आयव्हरी’ म्हटलं की हत्ती ऐकू येत नाही. तो रंगाचा डबा असू शकतो, साबण असू शकतो. पण आपली भाषा प्रामाणिक आहे. हस्ती अधिक दंत. शब्दातच जनावर उभं आहे. आणि जपानी शब्दही तसाच, ‘झोगे’. झो म्हणजे हत्ती, गे म्हणजे सुळा. कोरणारा आणि आपण, दोघांच्याही भाषेत हत्ती जिवंत आहे. विकणाऱ्याच्या भाषेत तो मेला, आणि मेल्याचं सुतकही नाही.

सुळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीच्या आत असतो. म्हणून पूर्ण सुळा हवा तर शिकारी हत्तीला मारतो. आशियाई हत्तींत मोठे सुळे नरांनाच असतात, त्यामुळे दक्षिण भारताच्या काही जंगलांत नर-मादी प्रमाणच बिघडलं. आफ्रिकेत १९७९ च्या सुमारास १३ लाखांच्या आसपास हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांत तो ६ लाखांवर आला. आणि १९८० च्या दशकात हस्तिदंत घेणाऱ्यांत सर्वांत पुढे होता जपान, त्यातला मोठा वाटा सहीच्या शिक्क्यांसाठी. नेत्सुकेसाठी नव्हे, शिक्क्यांसाठी! बँकेच्या कागदावर उमटवायच्या ठशासाठी.

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं आफ्रिकी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद केला. आपला कायदा त्याआधी जागा झाला होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८६ ची दुरुस्ती भारतीय हस्तिदंतासाठी, १९९१ ची दुरुस्ती आयात केलेल्यासाठी. व्यापारी कोर्टात गेले. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली. मग कुणी म्हणालं, आमचा दात हत्तीचा नाहीच, तो हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथचा आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कोणताही हस्तिदंत असो, व्यापार बंद. मला हा निकाल तात्त्विक दृष्ट्याही आवडतो. मॅमथला तर आता कुणी मारू शकत नाही, मग त्याच्या दातावर बंदी का? कारण मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दात विकला जातो. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. आडव्या कापावरच्या जाळीदार रेषांचा कोन मोजूनच जाणकाराला फरक कळतो.

हाच तर्क ‘जुन्या’ वस्तूला लावा. विकणारे तीन युक्तिवाद करतात, आणि ते फुसके नाहीत, म्हणून नीट घेऊ.

पहिला : हत्ती दीडशे वर्षांपूर्वी मेला, मूर्ती विकली काय, न विकली काय, तो परत येत नाही. खरंय. पण किंमत मागे बघत नाही, पुढे बघते. जुन्या मूर्तीला लाख मिळाले, की नव्या दाताला जुना करण्याचं कारण तयार होतं. ‘जुनं चालतं’ हा नियम म्हणजे चहाच्या पाण्याला दिलेला परवाना. ब्रिटननं २०१८ मध्ये कडक कायदा केला, मोजक्याच सवलती ठेवल्या, आणि त्यांतली १९१८ पूर्वीच्या खरोखर असामान्य वस्तूंची सवलत तर तज्ज्ञांनी तपासूनच. एवढं काटेकोर करावं लागलं याचा अर्थच हा, की वयाच्या दाखल्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

दुसरा : बाजार नसेल तर या वस्तू जपेल कोण? किंमत गेली की लोक फेकून देतील. मला यात माणसाबद्दलचा फार मोठा अविश्वास दिसतो. कांटचं एक म्हणणं आहे : काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं, आणि काहींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही. त्यानं ते माणसाबद्दल म्हटलं, मी ते थोडं ताणून वस्तूंपर्यंत आणतोय. घरातला देव आपण कुठे बाजारभावामुळे जपतो? अ‍ॅनानं ते गोटे गादीत लपवले, ते किंमत बघून?

तिसरा : बंदीनं कारागिराची परंपरा मरते. हा युक्तिवाद सर्वांत जड आहे, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडेही हस्तिदंत कोरणाऱ्या घराण्यांवर बंदीचा घाव बसला. पण नेत्सुकेची परंपरा हस्तिदंताची कधीच नव्हती. ती बाहीची होती, दोरीची होती, लाकूड-शिंग-सुळा जे मिळेल त्यात जीव ओतणाऱ्या हाताची होती. तिला आधी मारलं ते खिशानं. आजही जपानमध्ये आणि बाहेर लाकडात, शिंगात नेत्सुके कोरणारे आहेत.

डी वाल यांची पुढची गोष्ट मी लपवणार नाही, ती माझ्या मताला जरा टोचते. त्यांनी २०१८ मध्ये ७९ नेत्सुके लिलावात विकून पैसे निर्वासितांच्या संस्थेला दिले, आणि १५७ व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाला दीर्घ मुदतीसाठी दिले. निर्वासितांच्या घराण्यातली वस्तू निर्वासितांच्या कामी आली. याला वाईट कोण म्हणेल? मी म्हणत नाही. पण १५७ ज्या वाटेनं गेले ती वाट मला जास्त पटते. तिथे कुणीही जाऊन बघू शकतो, आणि तिथे त्यांच्या शेजारी त्यांची हकिगत लिहिलेली असते.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. हे सगळं कळल्यावर त्या मूर्तीकडे बघायचं की नाही?

आपल्याकडे मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती लयीवर उभी केली. संवेदनांच्या रचनेतले संबंध बघा, नीती-उपयोग बाजूला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या स्वायत्ततावादाची कसून तपासणी केली. स्वायत्ततावादी म्हणेल, बैलाची पाठ बघा, हत्तीचं काय मधेच? नीतिवादी म्हणेल, हत्ती मेला, विषय संपला, कपाट बंद करा. मला दोघंही डोळ्यावर एकेक हात ठेवून बसलेले वाटतात.

आपण इथले लोक या बाबतीत जरा वेगळ्या जागी उभे आहोत. तानसा धरण बघायला मुंबईचे लोक येतात. १८९२ चं दगडी बांधकाम, कोणालाही भव्य वाटावं असं. पाणी मुंबईला जातं. आणि याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. आता तुम्ही सांगा, ती भिंत सुंदर नाही का? आहे. तहान खरी नाही का? आहे. इथल्या माणसाला भिंत दिसते तेव्हा हंडाही दिसतो, आणि हंडा दिसला म्हणून भिंत दिसायची थांबत नाही. पाहणं म्हणजे हेच असायला हवं. मुंबईच्या काचेच्या कपाटासमोर तुम्ही उभे राहाल तेव्हा ही तुमची नजर घेऊन जा. ती कुठल्याही कॅटलॉगपेक्षा चांगली आहे. बैलाची वळलेली पाठ बघा, दोरीची भोकं शोधा, ती झिजलीत का बघा. आणि मग त्याच पदार्थाकडे बघा, तो कुणाचा दात आहे ते मनात म्हणा, मराठीत म्हणा. सौंदर्य कमी होत नाही. ते फक्त फुकट वाटेनासं होतं.

विकत घेण्यात आणि पाहण्यात एवढाच फरक आहे. विकत घेतलं की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. पाहणाऱ्याला हिशेब मिटवता येत नाही, आणि तसंच राहायला हवं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, कुणाच्या घरी आजोबांच्या वेळची हस्तिदंती वस्तू असेल तर काय करायचं? मोडायची का?)

मोडू नका, आणि विकूही नका. विक्रीला आपल्या कायद्यात वाट नाही, वस्तू जुनी असली तरी. मालकीचा दाखला आहे का ते आधी पाहा. वारसानं आली असेल तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे कळवायचं असतं. कागद नसतील तर वनखात्यात जाऊन सरळ विचारा, लपवण्यात शहाणपण नाही. आणि घरातल्या पोरांना ती काय आहे, कुणाची होती, हे सांगा.

(प्रश्न : हाड आणि हस्तिदंत कसा ओळखायचा?)

भिंगातून बघा. हाडात बारीक काळपट ठिपके-रेघा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई लावून बघा म्हणतात, ते करू नका, वस्तू डागाळते. पण खरं सांगू का, ओळखता यायला लागलं की विकत घ्यायचा मोह होतो. तेव्हा ओळखा, आणि हात खिशात ठेवा. आता आपल्याला खिसे आहेत! (हशा)